तालीसपत्र बघून घ्या

वैद्यबाईंनी आईच्या खोकल्यासाठी तालीसादि चूर्ण सांगितलंय. घरीच करू म्हणून आज रविवार कारंजाजवळच्या काष्ठौषधींच्या दुकानात गेलो. सुंठ, मिरे, पिंपळी, वंशलोचन, वेलदोडे, दालचिनी पटापट निघालं. तालीसपत्राशी मात्र काका थांबले. पुडी कागदावर ओतली, एक पान उलटं करून दाखवलं. खालून दोन फिकट पट्टे, टोकाला बारीकशी खाच. चुरडलं तर राळेचा गोडसर वास, बोटांवरून जाता जात नाही!

हे हिमालयातलं सदाहरित झाड, साधारण ३००० मीटरच्या आसपास वाढणारं. जांभळट शंकू फांदीवर ताठ उभे असतात. आपल्या नाशकात ते कुठून दिसणार, येतात ती वाळलेली पानंच.

आणि म्हणूनच हे लिहितोय. याच नावाखाली थुनेराची, म्हणजे हिमालयातल्याच दुसऱ्या एका झाडाची, पानंही विकली जातात. ती विषारी असतात. त्यांचं टोक अणकुचीदार, पांढरट पट्टे नाहीत, वासही नाही. लहान मुलांना चाटण देणाऱ्यांनी तर कृपा करून तयार भुकटी घेऊ नका, अख्खी पानं मागा. मीसुद्धा उद्या वैद्यबाईंना दाखवूनच कुटणार आहे.