बेळगावहून कुत्रं परदेशी आणायचं तर आधी तारखा जुळवा

बेळगाव, खानापूर, निपाणीकडची मुलं नोकरीचं पत्र हातात पडलं की विचारतात, "पुढच्या महिन्यात निघतोय, कुत्र्याला बरोबर आणता येईल ना?" जर्मनी, नेदरलँड्स, आयर्लंड असा युरोपीय संघातला देश असेल तर उत्तर सरळ आहे: पुढच्या महिन्यात नाही. पैसे कितीही मोजले तरी नाही. सगळं पहिल्याच फटक्यात जमलं तरी कातडीखाली ओळखीची चिप बसवल्यापासून चार महिने जातातच. त्यामुळे बाहेर जायचं नुसतं घरात बोलणं सुरू झालं तरी कुत्र्याला चिप बसवून घ्या. बेत फिसकटला तर चिपचं काही नुकसान नाही.

एवढा वेळ लागतो तो रेबीजमुळे. युरोपीय संघाने ज्या देशांची रेबीजची स्थिती मान्य केली आहे त्यांची एक यादी आहे, आणि भारत त्या यादीत नाही. यादीबाहेरच्या देशातल्या कुत्र्या-मांजरांना लस टोचलेली असून भागत नाही. लस अंगी लागली आहे हे रक्त तपासून सिद्ध करावं लागतं आणि त्यानंतर थांबावं लागतं. चिप, लस, रक्त, थांबणं, दाखला हा क्रम ठरलेला आहे. त्यातली एक पायरी पुढे-मागे झाली की मोजणी पुन्हा पहिल्यापासून.

चिप हवी ती आयएसओ ११७८४ आणि ११७८५ मानकांची, १५ आकडी, १३४.२ किलोहर्ट्झवर वाचली जाणारी. गाई-म्हशींच्या कानाला लावतात तो पिवळा १२ आकडी बिल्ला वेगळा, त्याचा इथे उपयोग नाही. तालुक्याच्या दवाखान्यात चिप वाचायचं यंत्र असेलच असं नाही, म्हणून बेळगाव शहरात, नाहीतर कोल्हापूर-हुबळीला, यंत्र असलेल्या डॉक्टरकडे जा. चिप टोचायच्या आधी पाकिटातच वाचून बघायला सांगा, टोचल्यावर पुन्हा एकदा, आणि यंत्राच्या पडद्यावरचा आकडा पाकिटावरच्या स्टिकरशी स्वतः पडताळा. एक स्टिकर लसीच्या पुस्तकात चिकटवून घ्या, बाकीचे जपून ठेवा.

रेबीजची लस चिपच्या नंतर. त्याच दिवशी चालते, पण आधी चिप, मग सुई. सर्वांत जास्त लोक अडतात ते इथेच. कुत्र्याला दरवर्षी नेमाने लस दिलेली असते, पुस्तक भरलेलं असतं, पण चिप काल बसवलेली. मग आधीच्या सगळ्या लशी या कामापुरत्या नसल्यासारख्याच, कारण त्या याच कुत्र्याला टोचल्या याचा पुरावा नाही. चिप बसवून लस पुन्हा घ्यायची. त्या वेळी पिल्लू किमान १२ आठवड्यांचं हवं. पुस्तकात लसीचं नाव, कंपनी, बॅच नंबर, टोचल्याची तारीख, कधीपर्यंत लागू आणि डॉक्टरांचा नोंदणी क्रमांक हे सगळं इंग्रजीत हवं. सरकारी दवाखान्याचा शिक्का कन्नडमध्ये असला तर असू दे, मजकूर इंग्रजीत लिहून मागा. महिना अक्षरांत लिहायला सांगा. ०५/०६ म्हणजे पाच जून की सहा मे, असल्या घोळावरून कागद परत येतात.

आपल्या भागाची आणखी एक खुबी. २०१४ साली शहराचं इंग्रजी नाव बदललं, पण जुन्या पासपोर्टांवर अजून 'बेलगाम' आहे आणि दवाखान्याच्या शिक्क्यावर 'बेळगावी'. त्यासाठी पासपोर्ट बदलायची गरज नाही. कुत्र्याच्या प्रत्येक कागदावर मालकाचं नाव आणि पत्ता पासपोर्टात आहे तसाच, अक्षर न अक्षर, लिहून घ्या म्हणजे झालं. चंदगड-गडहिंग्लजच्या डॉक्टरने लस दिली आणि कुत्रं राहतं बेळगावात, यानेही काही बिघडत नाही. सीमावाद माणसांचा, कुत्र्याला तो लागू नाही.

आता रक्त, म्हणजे टायटर टेस्ट. लस दिल्यानंतर किमान ३० दिवसांनी रक्त काढायचं. त्यातलं रेबीजविरोधी प्रतिपिंडांचं प्रमाण मिलीलिटरमागे ०.५ आंतरराष्ट्रीय एकक किंवा त्याहून जास्त आलं पाहिजे. तपासणी युरोपीय संघाने मान्य केलेल्या प्रयोगशाळेतलीच चालते. फ्रान्समध्ये नान्सीला आणि अमेरिकेत कॅन्सस स्टेट विद्यापीठात अशा प्रयोगशाळा आहेत, पूर्ण यादी संघाच्या संकेतस्थळावर मिळते. गल्लीतल्या पॅथॉलॉजीचा किंवा झटपट किटचा रिपोर्ट, आकडा कितीही चांगला असो, टाकून द्यायच्या लायकीचा.

नमुना बिघडतो तो बहुतेक वेळा बेळगावातच. प्रयोगशाळेला रक्त नको असतं, सीरम हवं असतं. साध्या, म्हणजे रक्त गोठू न देणारं औषध नसलेल्या, नळीत तीन-चार मिलिलिटर रक्त घ्यायचं, अर्धा-एक तास उभं ठेवून गोठू द्यायचं, मग सेंट्रिफ्यूजवर फिरवून वरचं पिवळसर पाणी दुसऱ्या नळीत काढायचं. रक्त हिसका देऊन ओढलं, नळी हलवली किंवा न फिरवता रात्रभर ठेवली, तर तांबड्या पेशी फुटतात आणि सीरम लालसर होतं. असा नमुना नाकारला जाऊ शकतो. सीरम दोन ते आठ अंशांवर, बर्फाच्या पाकिटांत, आणि नळीवर १५ आकडी चिप नंबर. फॉर्मवर रक्त काढल्याची तारीख बिनचूक हवी, कारण पुढची सगळी मोजणी तिच्यावरून होते. कुरिअरच्या गावातल्या शाखेत असा नमुना परदेशी घेतील हे गृहीत धरू नका. बंगळूर किंवा पुण्याहून नियमित नमुने पाठवणाऱ्यांशी आधी बोलून ठेवा आणि मगच रक्त काढा.

आकडा ०.५ च्या खाली आला तर बूस्टर द्यायचा आणि पुन्हा रक्त. एकच लस झालेल्या तरुण कुत्र्यांत हे बऱ्याचदा होतं. पहिलटकराला महिनाभराच्या अंतराने दोन डोस देऊन मग रक्त काढावं हे माझं मत. नियमात तसं नाही, पण रिपोर्ट नापास झाल्यावर जाणारा वेळ त्यापेक्षा जास्त असतो.

रक्त काढल्याच्या तारखेपासून तीन पूर्ण महिने थांबायचं. रिपोर्ट आल्याच्या तारखेपासून नव्हे. उदाहरण घ्या: ५ जानेवारीला चिप आणि लस, ६ फेब्रुवारीला रक्त, तर ६ मे उलटल्यावर प्रवास. नवं पिल्लू आणलंत तर १२ आठवडे, मग ३० दिवस, मग तीन महिने, म्हणजे ते जवळपास सात महिन्यांचं होईपर्यंत हलत नाही. पास झालेला रिपोर्ट पुढे कायम चालतो, पण बूस्टर एकदाही न चुकवता. पुस्तकातली 'लागू' तारीख एका दिवसाने जरी ओलांडली तरी लस, रक्त, थांबणं सगळं नव्याने. तीन महिन्यांच्या मध्येच बूस्टरची तारीख येत असेल तर ती आधीच्या आठवड्यात उरकून घ्या.

इथे घरोघरी होणारा एक बेत तपासून बघा: "मी आधी जातो, कुत्रं आई-बाबांकडे राहील, मग एजंट पाठवून देईल." मालक आणि कुत्रं यांच्या प्रवासात पाच दिवसांपेक्षा जास्त अंतर पडलं की तो प्रवास घरगुती धरला जात नाही, व्यापारी माल धरला जातो. दाखला वेगळा, तपासणी वेगळी, खर्च वेगळा. त्यापेक्षा तीन महिने संपल्यावर मालकाने एकदा येऊन कुत्र्याला घेऊन जाणं बहुधा स्वस्त पडतं.

थांबण्याचे तीन महिने पिंजऱ्यासाठी वापरा. कुत्र्याची चार मापं घ्यायची: नाकापासून शेपटीच्या बुडापर्यंत, जमिनीपासून कोपरापर्यंत, खांद्यांची रुंदी, आणि उभं असताना डोक्याच्या किंवा कानाच्या टोकापर्यंतची उंची, जे वर असेल ते. पिंजऱ्याची आतली लांबी म्हणजे पहिलं माप अधिक दुसऱ्याचं अर्धं. रुंदी तिसऱ्याच्या दुप्पट. उंची चौथ्याइतकी, वर अंथरुणाची जाडी. कुत्र्याला आत उभं राहता, वळता आणि सरळ पाय सोडून झोपता आलं पाहिजे.

आपल्याकडच्या मुधोळ कुत्र्याचं घ्या. अंगाने सडपातळ, वजन जेमतेम २५ किलो, पण पाय आणि मान लांब. लॅब्राडॉरला पुरणाऱ्या पिंजऱ्यात त्याचं डोकं छताला लागतं, आणि विमानतळावर वजन बघत नाहीत, कान छताला टेकतात का ते बघतात. उंच मुधोळला अंदाजे १२२ बाय ८१ बाय ८९ सेंटिमीटरचा सर्वांत मोठा तयार पिंजरा लागतो. कार्गोचं भाडं प्रत्यक्ष वजन आणि आकारमानाचं वजन यांत जे जास्त त्यावर लागतं. लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये गुणून ६००० ने भागा: १४७ किलो. कुत्रं आणि पिंजरा मिळून चाळीस-पंचेचाळीस किलो, बिल १४७ किलोचं. एजंटचा आकडा ऐकून चक्कर येण्याआधी हा गुणाकार घरी करा.

पिंजऱ्याचे दोन भाग प्लास्टिकच्या खटक्यांनी नव्हे, धातूच्या नट-बोल्टने जोडलेले हवेत. दार धातूच्या जाळीचं, हवा चारही बाजूंनी, चाकं काढून टाकलेली, खाण्या-पिण्याच्या वाट्या दाराला आतून अशा अडकवलेल्या की बाहेरून भरता येतील. सुताराकडून करून घ्यायचा असेल तर कच्च्या लाकडावर आयएसपीएम १५ चा, म्हणजे लाकडातून कीड परदेशी जाऊ नये म्हणून केलेल्या आंतरराष्ट्रीय नियमाचा, उष्णता-प्रक्रियेचा शिक्का लागतो. प्लायवूडला लागत नाही. नुसत्या तारेचा घडीचा पिंजरा चालत नाही. आणि झोपेची गोळी अजिबात द्यायची नाही. वर गेल्यावर श्वास आणि रक्तदाब उतरतो, आणि गुंगीत दिसलेलं जनावर विमान कंपनी घेतच नाही. त्याऐवजी पिंजरा घरात उघडा ठेवा, जेवण त्यातच द्या. पग, शिह त्झू, पर्शियन मांजर अशा चपट्या नाकाच्यांना बऱ्याच कंपन्या साफ नाही म्हणतात, तिकीट काढण्याआधी लेखी विचारा.

निघायचं कुठून? सरकारी निर्यात दाखला देणारी पशू क्वारंटाईनची केंद्रं दिल्ली, मुंबई, कोलकाता, चेन्नई, हैदराबाद आणि बंगळूरला आहेत. गोवा जवळ, पण त्या यादीत नाही. म्हणजे आपल्याला मुंबई किंवा बंगळूर, दोन्ही साधारण पाचशे किलोमीटर. इंडिगो पाळीव प्राणी घेत नाही, त्यामुळे तिच्या विमानाने सांबऱ्याहून, म्हणजे बेळगावच्या विमानतळावरून, उडायचा विचार सोडा. रेल्वेत फर्स्ट एसीचं अख्खं कूपे मिळालं तर कुत्रं बरोबर नेता येतं, बाकी वातानुकूलित आणि स्लीपर डब्यांत नाही. बहुतेक जण मोटारीनेच जातात. एप्रिल-मे असेल तर मला बंगळूर बरं वाटतं. बेळगावच्या हवेतून थेट मुंबईच्या उकाड्यात पिंजऱ्यात बसणं कुत्र्याला जड जातं, आणि उन्हाळ्यात काही कंपन्या दिवसा प्राणी चढवतच नाहीत.

केंद्रात अर्जासोबत पासपोर्ट, तिकीट, लसीचं पुस्तक, टायटर रिपोर्ट आणि डॉक्टरांचा आरोग्य दाखला लागतो, आणि कुत्रं समोर हजर लागतं. खानापूरच्या रानात फिरणारं कुत्रं असेल तर गोचीड आधी पूर्ण काढा, कानाच्या आत आणि बोटांच्या बेचक्यांतसुद्धा. युरोपचा दाखला सही झाल्यापासून १० दिवसांत तिथे पोचायला चालतो. पण शनिवार-रविवार धरून वेळ घ्या. दाखल्याची भाषा ज्या देशात उतरणार तिथली आणि इंग्रजी. सही-शिक्का छपाईच्या रंगाहून वेगळ्या रंगाचा हवा. काळ्या छपाईवर काळी सही दिसली तर तिथल्या तिथे निळ्या पेनाने पुन्हा मागा.

बाकीच्या देशांचं थोडक्यात. ब्रिटनला हेच चार महिने, शिवाय कुत्र्याला पोहोचण्याआधी २४ ते १२० तासांत फीतकृमीचं औषध डॉक्टरच्या नोंदीसह. आयर्लंडलाही ते लागतं. विमानाने ब्रिटनला कुत्रं कार्गोतूनच उतरतं, केबिनमधून नाही. अमेरिकेने १ ऑगस्ट २०२४ पासून नियम बदलले. भारत जास्त धोक्याच्या यादीत आहे, त्यामुळे कुत्रं किमान सहा महिन्यांचं, चिप असलेलं, सरकारी पशुवैद्याने सही केलेल्या ठरलेल्या फॉर्मसह, आणि नोंदणीकृत केंद्रात जागा आरक्षित करून ठरावीक विमानतळांवरच. मान्य टायटर नसेल तर २८ दिवस क्वारंटाईन. दुबईसाठी आधी आयात परवाना आणि टायटर. ऑस्ट्रेलियाला भारतातून थेट नेताच येत नाही, आधी मान्य देशात मुक्काम आणि नंतर मेलबर्नजवळ मिकलहॅमला किमान १० दिवस क्वारंटाईन. पिटबुल जर्मनी, ब्रिटन, अमिराती कुठेच चालत नाही. जर्मनीत बुल टेरिअरही नाही. गावठी कुत्र्याच्या कागदावर डॉक्टर उगाच कुठली जात लिहितात. 'मिश्र' एवढंच लिहू द्या.

पोपट आणि कासवाबद्दल विचारूच नका. देशी पोपट आणि तारा कासव घरात ठेवणंच १९७२ च्या वन्यजीव कायद्याने गुन्हा आहे.

इथे युरोपात उतरल्यावर जवळच्या डॉक्टरकडून कुत्र्याचा युरोपीय पासपोर्ट काढून घ्या. जर्मनीत पालिकेत नोंद करून वर्षाचा कुत्रा-कर भरावा लागतो, बर्लिन-हॅम्बुर्गसारख्या राज्यांत त्याचा विमाही सक्तीचा आहे. पुढे कधी गणपतीला कुत्र्यासकट बेळगावला जायचं ठरलं, तर निघण्याआधी इथेच टायटर करून पासपोर्टात नोंदवून घ्या. बूस्टर वेळेवर असतील तर परत येताना तीन महिन्यांचं थांबणं लागत नाही. ही नोंद राहिली, तर कुत्रं पुन्हा आई-बाबांकडे आणि मोजणी पुन्हा रक्तापासून.