फाइव्ह-जीचं घोडं अडतं ते रस्त्याच्या फाइलीत

रावेर-यावल पट्ट्यातल्या आमच्या टॉवरच्या साइटवर फाइव्ह-जीच्या अँटेना कधीच येऊन पडल्या होत्या, वाट होती फायबरची. जुन्या मायक्रोवेव्ह लिंकवर (टॉवर ते टॉवर बिनतारी जोडणीवर) तीन-चारशे एमबीपीएस मिळायचे, फोर-जीचं त्यावर भागत होतं. ३.५ गिगाहर्ट्झच्या, म्हणजे फाइव्ह-जीच्या तीन सेक्टरांना (तीन दिशांच्या अँटेनांना) मात्र १० गिगाबिटचं पोर्ट हवं. म्हणजे केळीच्या बागांच्या कडेनं खोदाई आलीच.

परवानगीचा अर्ज पोर्टलवर पटकन भरून होतो. घोळ पुढे आहे. रस्ता जिल्हा परिषदेचा म्हणून अर्ज तिकडे केला, तर दर्जोन्नती होऊन तो बांधकाम खात्याकडे वर्ग झालेला. एक कार्यालय म्हणतं आमचा नाही, दुसरं म्हणतं आमच्या नोंदीला अजून चढला नाही, आणि सगळं तोंडी! लेखी त्रुटी कोणी काढत नाही, त्यामुळे फाइल मंजूरही होत नाही आणि नामंजूरही. याचा राग अजून जात नाही, कारण पावसाळ्यात खोदाई बंद असते. मे हातचा गेला की थेट दिवाळी.

म्हणून अर्जाआधीच रस्ता सध्या कोणाकडे आहे ते लेखी घ्या. नकाशावर नुसते अक्षांश-रेखांश देऊ नका, साखळी क्रमांकही टाका (रस्त्यावरचं किलोमीटर-मीटरमधलं अंतर, कि.मी. ४/२०० ते ६/८०० असा). संयुक्त पाहणीला स्वतः हजर राहा. वाटेत पाटचारी ओलांडायची असेल तर पाटबंधारे खात्याची परवानगी वेगळी. १ जानेवारी २०२५ पासून लागू झालेल्या मार्गाधिकार नियमांत (केबलसाठी रस्ता-जमीन वापरायच्या नियमांत) मानीव परवानगीची, म्हणजे मुदतीत उत्तर आलं नाही तर परवानगी मिळाली असं धरायची तरतूद आहे, पण तिचा आधार घ्यायला तारखेची पोचपावती लागते. ती जपा.

आपली काळी माती उन्हाळ्यात भेगाळते, पावसात फुगते. डक्ट (केबलची नळी) १.६५ मीटर खोलच टाका, ठेकेदार कमी खोलीवर भागवू बघतो. रस्ता ओलांडायला बोअरिंगच करा, म्हणजे रस्ता न फोडता खालून भोक पाडा.

विजेचं सांगायचं तर पूर्ण लोडवर एक अँटेना युनिट साधारण १ किलोवॉट खातं. मंजूर भार, रेक्टिफायर (एसी वीज डीसी करणारं यंत्र) आणि टॉवरवर जाणाऱ्या ४८ व्होल्टच्या केबलची जाडी तिन्ही तपासा. केबल बारीक असेल तर व्होल्टेज वरपर्यंत पोचत नाही आणि भर गर्दीच्या वेळी युनिट रीस्टार्ट होतं. एसएफपी (फायबर जोडायचे छोटे मॉड्यूल) ८५ अंश सेल्सिअसपर्यंत चालणारेच घ्या, भुसावळच्या मे महिन्यात साधे टिकत नाहीत.

आणि जीपीएस अँटेना! ३.५ गिगाहर्ट्झ टीडीडीवर चालतं, म्हणजे पाठवणं आणि घेणं एकाच फ्रिक्वेन्सीवर आळीपाळीनं होतं. तिथे साइट-साइटची वेळ १.५ मायक्रोसेकंदांच्या आत जुळावी लागते, आणि ती जीपीएसवरून मिळते. एफडीडी फोर-जीला (दोन्हींना वेगळ्या फ्रिक्वेन्सी) याची गरज नव्हती, म्हणून बऱ्याच जुन्या साइटवर ती बसवलेलीच नाही. मोकळं आकाश दिसेल अशी लावा. शेल्टरच्या (यंत्रांच्या खोलीच्या) भिंतीआड लावली की उपग्रह सुटतात, वेळ सरकते आणि शेजारच्या साइटवर व्यत्यय सुरू होतो.