मक्याच्या शेतांमधली रुग्णवाहिका : आयोवात ईएमटी होताना

अमेरिकेतल्या आयोवा राज्यात ९९ कौंट्या आहेत, म्हणजे आपल्या जिल्ह्यांसारखे विभाग. एकेक कौंटी आपल्याकडच्या मोठ्या तालुक्याएवढी, पण कारभार स्वतंत्र. शेरीफ म्हणजे पोलीसप्रमुख स्वतःचा, आणीबाणीच्या ९११ या फोन नंबरचं केंद्र स्वतःचं, आपत्ती व्यवस्थापन अधिकारीही स्वतःचा. भारतातून येणाऱ्या बहुतेकांना वाटतं की ९११ फिरवला की पगारी नोकरीतली माणसं गाडी घेऊन दारात हजर होतात. मोठ्या शहरात होतातही. आमच्या गावात येतो तो धान्य कोठारावरचा मॅनेजर, शाळेची बस चालवणारी बाई, बँकेतला कॅशियर. या देशातल्या अग्निशामकांपैकी सुमारे दोन तृतीयांश स्वयंसेवक आहेत, आणि आमच्यासारख्या खेड्यांत तर जवळजवळ सगळेच.

मी मूळची सांगोल्याची. नवऱ्याच्या नोकरीमुळे इथे आले, चहूबाजूंनी मका आणि सोयाबीन असलेल्या गावात. माझं काम घरून, कॉम्प्युटरवर. दर वसंतात अग्निशामक दलाचा पॅनकेकचा नाश्ता असतो. पोटभर खायचं आणि डब्यात जमेल तेवढी देणगी टाकायची. त्या पैशातून हेल्मेट, बूट, पाण्याचे होज येतात. तिथे रुग्णवाहिकेच्या प्रमुख बाईंशी बोलणं झालं. त्या म्हणाल्या, रात्रीसाठी माणसं मिळतात, दिवसा मिळत नाहीत. सगळे चाळीस-पन्नास मैलांवर कामाला जातात आणि गावात म्हातारी माणसं आणि लहान मुलं उरतात. मग त्यांनी मला विचारलं, "तू दिवसा घरीच असतेस ना?"

तिथून माझ्या ईएमटी होण्याची, म्हणजे रुग्णवाहिकेवर प्राथमिक उपचार करणारी प्रशिक्षित मदतनीस होण्याची, सुरुवात झाली.

आधी कागदपत्रं. पोलिसांकडची पार्श्वभूमी तपासणी, वाहन परवान्याची नोंद, हिपॅटायटिस बी ची लस, क्षयाची चाचणी. या चाचणीबद्दल आपल्या लोकांसाठी मुद्दाम लिहिते. लहानपणी बीसीजी टोचलेल्यांची हातावरची त्वचेची चाचणी क्षय नसतानाही पॉझिटिव्ह येऊ शकते, आणि मग छातीचा एक्स-रे, पुन्हा डॉक्टर, असे हेलपाटे सुरू होतात. रक्ताच्या चाचणीवर बीसीजीचा परिणाम होत नाही. पहिल्यापासून तीच मागून घ्यावी. मी मागितली आणि दिली त्यांनी.

ईएमटीचा कोर्स १५० तासांहून मोठा असतो. आमचा वर्ग कम्युनिटी कॉलेजात, आठवड्यातून दोन संध्याकाळी आणि मधेमधे शनिवारी. वर्गात नुकतीच शाळा संपवलेली दोन पोरं होती, एक डेअरीवाला होता, साठीतली एक आजी होती. शरीररचना, श्वासमार्ग, रक्तस्राव, हाडं, प्रसूती, लहान मुलं, अफूजन्य औषधांचा अतिरेक झालेला माणूस, सगळं थोडं थोडं आणि पक्कं. शिकवणारे सद्गृहस्थ निवृत्त पॅरामेडिक, म्हणजे ईएमटीच्या वरच्या पातळीचे. ते पुन्हा पुन्हा सांगत, आत शिरण्याआधी थांबा, बघा, जागा सुरक्षित आहे का ते मोठ्याने बोला. प्रात्यक्षिक परीक्षेत पहिलं वाक्य हेच बोलावं लागतं. वीज, धूर, वाहतूक, पिसाळलेलं कुत्रं, बंदूक, यातलं काय आहे ते बघितल्याशिवाय आत गेलेला मदतनीस पुढच्या मिनिटाला स्वतःच रुग्ण होतो आणि मग गाडी एकालाच पुरते.

छातीदाबाचा सराव मला सगळ्यात जड गेला. मिनिटाला १०० ते १२० दाब, खोली निदान ५ सेंटिमीटर, आणि प्रत्येक दाबानंतर छाती पूर्ण वर येऊ द्यायची. दर दोन मिनिटांनी माणूस बदलायचा, कारण त्यानंतर दमलेल्या हातांचा दाब उथळ होतो आणि दाबणाऱ्याला ते कळत नाही. बाहुली संगणकाला जोडलेली असते, पडद्यावर खोलीची रेघ दिसते. दुसऱ्या मिनिटाच्या शेवटी माझी रेघ खाली घसरताना मी डोळ्यांनी पाहिली आहे. शहरात पाच-सहा जण पाळी घेतात. इथे गाडीवर दोघं, मदतीची दुसरी गाडी पंधरा-वीस मिनिटं दूर. माणसं किती आहेत हा प्रश्न इथे थेट रुग्णाच्या छातीवर येऊन पडतो.

कॉलेजच्या वर्गाबरोबर रुग्णालयात आणि रुग्णवाहिकेवर काही तास भरावे लागतात. आमचं रुग्णालय लहान, 'क्रिटिकल ॲक्सेस' प्रकारातलं, म्हणजे जास्तीत जास्त २५ खाटांचं. मोठ्या शस्त्रक्रियेचा रुग्ण पुढे डे मॉइन किंवा आयोवा सिटी या शहरांत पाठवतात. अशा अनेक रुग्णालयांनी प्रसूती विभाग बंद केले आहेत, त्यामुळे गाडीत प्रसूतीची पेटी असते आणि ती वापरायची वेळ येऊ शकते हे गृहीत धरूनच शिकवतात. हेलिकॉप्टर उतरवण्यासाठी शंभर फूट बाय शंभर फुटांची सपाट मोकळी जागा शोधायची, विजेच्या तारा कुठे आहेत ते वैमानिकाला आधी सांगायचं, रात्री दिवे वर रोखायचे नाहीत, हेही त्यातच आलं.

राष्ट्रीय लेखी परीक्षा संगणकावर असते. प्रश्न ठरावीक नाहीत, ७० ते १२० च्या मध्ये कुठेही ती थांबते. उत्तरं बघून संगणक पुढचा प्रश्न सोपा-कठीण ठरवत जातो आणि खात्री पटली की बंद होतो. परीक्षा बंद झाली तेव्हा आपण पास की नापास याचा काही अंदाज येत नाही, कुणालाच येत नाही. निकाल आला, मग राज्याचं प्रमाणपत्र आलं आणि कमरेला पेजर, म्हणजे ९११ ची हाक आली की वाजणारं यंत्र, लागला.

खरी ओळख त्यानंतर झाली, ती गॅरेजमध्ये. दर आठवड्याला एका संध्याकाळी गाडी तपासायची असते. यादी घेऊन कप्पा न् कप्पा उघडायचा. प्राणवायूच्या सिलिंडरवर दाबाचा २००० चा आकडा म्हणजे भरलेलं, ५०० च्या खाली गेलं की बदलायचं. रुग्णाच्या घशातली घाण ओढून काढणारं सक्शनचं यंत्र चालू करून नळीच्या तोंडावर अंगठा ठेवायचा, काटा चढतो का बघायचा. हृदयाच्या शॉकयंत्राच्या पट्ट्यांची मुदत, तीव्र ॲलर्जीवरच्या एपिनेफ्रिनची मुदत, ग्लुकोजच्या नळ्या, रक्त थांबवायचे पट्टे, जिन्यावरून रुग्ण उतरवायची खुर्ची उघडते आणि मिटते का. हिवाळ्यात बाहेर उणे वीस-पंचवीस असतं, त्यामुळे गाडी गॅरेजात विजेच्या तारेने जोडून ठेवतात. बॅटरी चार्ज राहते आणि आतला हीटर औषधं गोठू देत नाही. त्या तारेच्या खुणेचा दिवा लागलेला आहे ना हे बघणं यादीतलं पहिलं काम. या कामाचं कुणी कौतुक करत नाही, पण दोन वाजता रात्री रुग्णाच्या घरात जे उपयोगी पडतं ते सगळं या संध्याकाळी ठरलेलं असतं. मला हे काम मनापासून आवडतं.

अग्निशामकांचा सराव त्याच गॅरेजात. गावाबाहेर आगीसाठीचे नळ नाहीत, म्हणून पाणी टँकरने न्यायचं. घडीचा हौद जागेवर उघडायचा, टँकरने त्यात ओतायचं आणि परत भरायला पळायचं, पंपाने हौदातून खेचायचं. ग्रामीण स्वयंसेवी दलांसाठीच्या राष्ट्रीय मानकात १४ मिनिटांत ६ माणसं पोहोचावीत असं धरलेलं आहे, तेही दहापैकी आठ वेळा. सहा माणसं! दिवसा अकरा वाजता ती एका दलातून निघत नाहीत. म्हणून शेजारच्या गावांशी लेखी करार असतात आणि काही पत्त्यांवर पहिल्याच हाकेला तीन गावांचे पेजर एकदम वाजतात.

धान्याच्या कोठीचा सराव मी विसरणार नाही. इथे प्रत्येक शेतावर पत्र्याच्या गोल उंच कोठ्या असतात. धान्य बाहेर काढणारा खालचा स्क्रू चालू असताना वर मक्यावर उभा असलेला माणूस काही सेकंदांत मांड्यांपर्यंत आत जातो, आणि कमरेपर्यंत गेला की स्वतःहून निघू शकत नाही. दोर लावून ओढायचं नाही, दाण्यांची पकड इतकी असते की माणसाला इजा होते. आधी यंत्र बंद करून कुलूप लावायचं, मग माणसाभोवती धातूच्या पट्ट्या एकेक करून मक्यात दाबत नळकांडं उभं करायचं आणि आतला मका ड्रिलवर चालणाऱ्या छोट्या स्क्रूने उपसायचा. सरावात मी आत उभी राहिले. मका छातीपर्यंत आला. श्वास सोडला की दाणे जागा घेतात आणि पुढचा श्वास थोडा लहान होतो, हे पुस्तकात वाचलं होतं, तिथे कळलं. पट्ट्या बसल्यावर पहिला मोठा श्वास घेता आला तेव्हा समोर पट्टी दाबणारा डेअरीवाला वर्गमित्र घामाने निथळत होता.

आणि मग भोपाळ. कौंटीच्या आपत्ती व्यवस्थापन अधिकाऱ्याने मला स्थानिक आपत्कालीन नियोजन समितीच्या बैठकीला नेलं. या समित्या का आहेत ते तिथे समजलं. १९८४ च्या डिसेंबरात भोपाळला विषारी वायूने हजारो माणसं मेली. पुढच्याच वर्षी ऑगस्टमध्ये त्याच युनियन कार्बाइडच्या वेस्ट व्हर्जिनियातल्या कारखान्यातून गळती झाली आणि शंभरावर लोक रुग्णालयात गेले. त्यानंतर १९८६ मध्ये अमेरिकेने कायदा केला की धोकादायक रसायन ठराविक प्रमाणाबाहेर साठवणाऱ्याने दरवर्षी १ मार्चपर्यंत अग्निशामक दलाला आणि स्थानिक समितीला कळवलंच पाहिजे, आणि ती माहिती नागरिकांना मागता आली पाहिजे. भोपाळ मी शाळेच्या पुस्तकात वाचलं होतं. आयोवातल्या लायब्ररीच्या तळघरात, समोर गावातल्या खतसाठ्याची यादी ठेवलेली असताना, त्याचं नाव निघालं आणि मला बोलायला थोडा वेळ लागला.

आमच्या यादीत सगळ्यात मोठा धोका निर्जल अमोनियाचा. मक्याला नत्र देण्यासाठी वसंतात आणि शरदात पांढऱ्या टाक्या ट्रॅक्टरमागून रस्त्याने जात असतात. गळला तर तो ओलावा शोधतो, म्हणजे डोळे, घसा, फुफ्फुसं. वाऱ्याच्या वरच्या बाजूने जायचं, आणि लागलेल्या माणसाला किमान पंधरा मिनिटं पाण्याने धूत राहायचं. बैठकीत कोणता शेतकरी कोणत्या रस्त्याने टाक्या नेतो, शाळा सुटण्याची वेळ काय, वारा बहुधा कुठून असतो, असं बोलणं चालतं. चहाबिस्किटं खात चाललेलं हे रटाळ बोलणं मला कौंटीतलं सर्वांत मोलाचं काम वाटतं.

१० ऑगस्ट २०२० चं वादळ मी इथे येण्याआधीचं, पण प्रत्येकाच्या तोंडी आहे. सीडर रॅपिड्स शहराच्या बाजूला वारा ताशी १४० मैलांपर्यंत गेल्याचा अंदाज, लाखो एकर मका आडवा, काही ठिकाणी दोन आठवडे वीज नाही, मोबाइलही बंद. तेव्हापासून आमच्या केंद्रात कागदी नकाशे आणि घरी प्राणवायू लावणाऱ्या रुग्णांची यादी छापून ठेवलेली असते. ती यादी ताजी ठेवायचं काम आता माझ्याकडे आहे.

माणसांचा प्रश्न मात्र सुटलेला नाही. रुग्णवाहिका सेवा कायद्याने अत्यावश्यक धरलेली नव्हती. २०२१ मध्ये राज्याने कौंटीला तसं ठरवून त्यासाठी कर लावायची मुभा दिली, पण मतदान करणाऱ्यांपैकी ६० टक्क्यांनी होकार दिला तरच. काही कौंट्यांनी दिला, काहींनी नाकारला. नाश्त्याच्या पॅनकेकवर रुग्णवाहिका चालवणं थांबलं पाहिजे असं माझं ठाम मत आहे, आणि मी ते जाहीर सभेत उभं राहून सांगितलं आहे.

शेवटी आपल्या लोकांसाठी एक-दोन गोष्टी. भारतातून आई-बाबा येणार असतील तर त्यांच्या औषधांची यादी फ्रीजच्या दारावर लावा. आम्ही घरात शिरलो की तिथेच बघतो. यादीत औषधाचं मूळ नाव लिहा. इकोस्प्रिन, ग्लायकोमेट, एल्ट्रोक्सिन ही नावं इथल्या ईएमटीला काहीच सांगत नाहीत. ॲस्पिरिन, मेटफॉर्मिन, लेव्होथायरॉक्सिन सांगतात. छातीत दुखणाऱ्या माणसाने सकाळी ॲस्पिरिन घेतली आहे की नाही, हा आमचा पहिल्या काही प्रश्नांपैकी एक असतो. घर गावाबाहेर असेल तर घरक्रमांकाची चमकणारी पाटी रस्त्याच्या तोंडाशी, दोन्ही बाजूंनी दिसेल अशी लावा आणि बर्फ पडला की ती मोकळी करा.

ईएमटीचे वर्ग बऱ्याच कम्युनिटी कॉलेजांत ऑगस्टमध्ये आणि जानेवारीत सुरू होतात. गावची सेवा अनेकदा फी भरते, बदल्यात काही काळ त्यांच्याकडे काम करायचं असतं. प्रमाणपत्र दोन वर्षं टिकतं, नंतर ४० तासांचं प्रशिक्षण दाखवून नवं करायचं. इंग्रजीच्या उच्चाराची काळजी करू नका, रेडिओवर सावकाश बोलणारा माणूस सगळ्यांनाच हवा असतो. गॅरेजात जाऊन विचारा, दिवसा घरी असाल तर नक्कीच.