लिस्बनच्या चढउतारांवर

नकाशावर आमच्या मुक्कामापासून साओ जॉर्ज किल्ल्यापर्यंतचे अंतर एक किलोमीटरही भरत नव्हते, म्हणून न्याहारी आटोपून अर्ध्या तासात वर पोहोचू, असा सोपा हिशेब मी केला होता. नकाशा सपाट असतो आणि लिस्बन सात टेकड्यांचे शहर म्हणून ओळखले जाते, या दोन गोष्टींची सांगड पहिल्याच जिन्याने घालून दिली. युरोपातले हे माझे पहिलेच शहर. 28 क्रमांकाच्या पिवळ्या ट्रामसाठी लागलेली रांग पाहून आम्ही चारही दिवस पायीच हिंडायचे ठरवले, आणि त्याचा पश्चात्ताप फक्त पोटऱ्यांना झाला.

सुरुवात बायशा या सखल भागातून करावी. 1 नोव्हेंबर 1755 च्या सकाळी, सर्व संतांच्या सणासाठी माणसे चर्चमध्ये जमलेली असताना मोठा भूकंप झाला. पाठोपाठ तेजू नदीतून समुद्राच्या लाटा आत घुसल्या, आणि वेदींवरच्या मेणबत्त्यांनी व घरातल्या चुलींनी पेटवलेली आग कित्येक दिवस धुमसत राहिली. पुढे मार्किश द पोंबाल या मंत्र्याच्या देखरेखीखाली हा भाग नव्याने आखला गेला. रस्ते काटकोनात आले आणि घरांच्या भिंतींत लाकडी चौकटींचा सांगाडा बसवला गेला, जेणेकरून जमीन हलली तरी घर कोसळू नये. या सांगाड्याला तिथे ‘गायोला’, म्हणजे पिंजरा, म्हणतात. रस्त्यांची नावे व्यवसायांवरून पडली आहेत: सोनाराचा, चांदीचा, चांभारांचा, मुलामा देणाऱ्यांचा. तांबट आळीतून वाढलेल्या माणसाला ही पद्धत समजावून सांगावी लागत नाही. आता मात्र त्या दुकानांतून बहुतेक फ्रिजवर चिकटवायची चित्रे मिळतात.

बायशातून किल्ल्याकडे चढताना फांकेयरुश रस्त्यावरच्या एका इमारतीत सार्वजनिक लिफ्ट आहे आणि ती फुकट आहे. आम्हाला तिचा पत्ता तिसऱ्या दिवशी लागला. वाचणाऱ्यांनी तो पहिल्या दिवशीच लक्षात ठेवावा.

लिफ्ट वापरा वा न वापरा, अल्फामा मात्र पायीच उतरावा. भूकंपात बराचसा वाचलेला हा जुना मोहल्ला असून त्याचे नाव अरबी आहे. तिथल्या बोळांना आखणी म्हणून काही नाहीच. दोन्ही हात पसरले तर दोन्ही भिंतींना टेकतील इतक्या अरुंद एका बोळात वरून वाळत घातलेल्या चादरीचे पाणी माझ्या मानेवर ठिबकले, आणि मी वर पाहिले तेव्हा खिडकीतल्या आजीबाईंनी, चूक माझीच असल्यासारखे, हाताने पुढे व्हायला सांगितले. मी झालो.

पायांखालच्या फरसबंदीबद्दल थोडे सविस्तर लिहायला हवे. मुठीत मावतील एवढे पांढरे चुनखडीचे आणि काळे खडे हाताने ठोकून बसवलेले असतात. रोसियू चौकात त्यांच्या काळ्यापांढऱ्या लाटा उमटवल्या आहेत, आणि ते काम 1840 च्या दशकातले आहे. हे कौशल्य टिकावे म्हणून नगरपालिकेने 1986 मध्ये कारागिरांसाठी शाळा काढली. लाखो पावलांनी हे दगड आरशासारखे गुळगुळीत होतात. दुसऱ्या दिवशी जेमतेम भुरभुर पाऊस पडला आणि शियादू भागातल्या उतारावर मी भर रस्त्यात सपशेल बसलो. चामडी तळाचे नवे बूट नेणे हा माझाच अतिशहाणपणा होता. रबरी तळाचे जुने बूट न्यावेत.

त्याच उताराच्या वर कार्मू मठाचे चर्च आहे. छप्पर भूकंपात गेले. नंतर बांधकाम सुरू झाले आणि अर्ध्यावर थांबले, त्यामुळे दगडी कमानींच्या फासळ्यांमधून सरळ आभाळ दिसते. आमचे आजोळ वसईचे. किल्ल्यातल्या बिनछपराच्या चर्चमध्ये लपाछपी खेळण्यात उन्हाळ्याच्या सुट्ट्या गेलेल्या, त्यामुळे मला तिथे शिरताच क्षणभर चिंचेचे झाड कुठे आहे ते शोधावेसे वाटले. 1739 मध्ये चिमाजी अप्पांनी वसई घेतली तेव्हा लिस्बनमधले हे छप्पर अजून जागेवर होते.

पोर्तुगीज बोलणे कानाला अजिबात कळत नाही, कारण ही मंडळी निम्मे स्वर गिळतात. पाट्या मात्र वाचता येतात, कारण आपले कित्येक शब्द पोर्तुगीजमधूनच आलेले आहेत. चावी बनवणाऱ्याच्या दुकानावर ‘शाव्ह’ असे लिहिलेले होते. शेवटच्या संध्याकाळी अल्फामातल्या एका भाजीवाल्याकडे बटाटा, कोबी, अननस, पपई आणि काजू यांच्या पाट्या ओळीने दिसल्या, तेव्हा मी त्या मोठ्याने, पण आपल्या उच्चारांनी, वाचून दाखवल्या. त्याने दोनदा माझ्या उच्चारांत दुरुस्ती केली आणि मग, गिऱ्हाईक काही घेणार नाही हे ओळखून, पपया पुन्हा रचायला वळला. मी एक अननस घेतला. तो पिशवीत घेऊन पुन्हा तो सगळा चढ चढावा लागला.