आमची वाटचाल : ग्रॅव्हिटीची वही

सिंहगड रस्त्यावरील एका लहान गाळ्यात 2003 मध्ये आम्ही बॅटरीचे दुकान सुरू केले, तेव्हा माझ्या हाताशी नाना पेठेतल्या एका चार्जिंगच्या कारखान्यात काढलेली नऊ वर्षे होती. रिक्षांच्या आणि मोटारींच्या बसलेल्या बॅटऱ्या तिथे रोज येत. आमचे वस्ताद प्रत्येक बॅटरीची सहाही झाकणे उघडून हायड्रोमीटरने एकेका सेलची (कप्प्याची) ग्रॅव्हिटी, म्हणजे आतले आम्लाचे पाणी साध्या पाण्याच्या किती पट जड आहे ते, घेत आणि मगच ती चार्जिंगला लावत. त्यावरून सेल किती चार्ज आहे ते कळते. घाईने जास्त करंट दिलेली बॅटरी तापते आणि तिच्या शिशाच्या प्लेटांवरचा मसाला, म्हणजे वीज साठवणारा लेप, झडतो, हे त्यांनी आम्हाला तोंडी सांगितले नाही. तळाशी चॉकलेटी गाळ साठलेली एक जुनी बॅटरी कापून दाखवली. ते दृश्य मी अजून विसरलेलो नाही.

त्यानंतर महाराष्ट्रात भारनियमनाचे दिवस आले आणि आमची विक्री झपाट्याने वाढली. दिवसाला दोन-तीन इन्व्हर्टर बसवायचे, तारा जोडायच्या आणि पुढच्या घरी जायचे, असा तो काळ होता. 2006 मध्ये उद्योगांच्या स्वतःच्या जनरेटरमधील वीज वापरात आणून आणि त्याचा जादा खर्च शहरातील ग्राहकांकडून घेऊन पुणे भारनियमनमुक्त करण्याची व्यवस्था झाली. शहरासाठी ती आनंदाची गोष्ट होती. आमच्या गाळ्यात मात्र शुकशुकाट झाला. त्या रिकाम्या महिन्यांत मी जुन्या पावत्या काढल्या आणि ज्यांना बॅटऱ्या विकल्या होत्या, त्यांच्या घरी एकेक करून गेलो. दीड-दोन वर्षांपूर्वी बसवलेल्या कित्येक बॅटऱ्यांमध्ये पाणी प्लेटांच्या खाली गेले होते, टर्मिनलवर हिरवट-पांढरा बुरा चढला होता आणि चार तास चालणारे दिवे चाळीस मिनिटांत मालवत होते. त्या बॅटऱ्या आम्हीच विकल्या होत्या, आणि त्यांची निगा कशी राखायची हे ग्राहकाला सांगण्याची तसदी आम्ही घेतली नव्हती. दुकानाचे काम बदलायला हवे, हे मला त्या फेऱ्यांमध्ये पटले. विक्री मागे राहिली आणि वर्षाच्या देखभालीचे काम पुढे आले.

देखभालीत पहिली गोष्ट पाण्याची. चार्जिंगच्या शेवटच्या टप्प्यात पाण्याचे विघटन होऊन हायड्रोजन आणि ऑक्सिजन बाहेर पडतात, म्हणून पातळी उतरते. गंधकाम्ल मात्र आतच राहते. म्हणून भर घालायची ती केवळ डिस्टिल्ड वॉटरची. सुरुवातीच्या काळात आमच्या एका मुलाने ग्रॅव्हिटी कमी दिसली म्हणून सेलमध्ये ॲसिड ओतले आणि मी ते चालवून घेतले. आकडा वर आला, ग्राहक खूश झाला आणि काही महिन्यांत तीच बॅटरी कायमची गेली. कमी ग्रॅव्हिटीचा अर्थ बहुतेक वेळा असा असतो, की आम्ल प्लेटांमध्ये सल्फेटच्या रूपाने अडकले आहे. ते चार्जिंगने सोडवायचे असते, बाहेरून वाढवायचे नसते. ती चूक माझी होती आणि नवीन मुलाला काम शिकवताना मी ती आजही सांगतो. घरच्या फिल्टरचे पाणी किंवा एसीतून ठिबकणारे पाणी घालण्याची सवयही पुष्कळ घरांत आहे. दिसायला स्वच्छ असले, तरी त्या पाण्यात क्षार किंवा धातूंचे अंश राहतात आणि ते बॅटरीत साठत जातात.

2007 पासून आम्ही प्रत्येक ग्राहकासाठी एक वही ठेवली आहे. दर तीन महिन्यांनी सहाही सेलची ग्रॅव्हिटी, टर्मिनलवरचा व्होल्टेज आणि घातलेले पाणी, एवढ्याच नोंदी तिच्यात असतात. इन्व्हर्टरच्या ट्युब्युलर (नळीच्या आकाराच्या प्लेटांच्या) बॅटरीत पूर्ण चार्ज झाल्यावर ग्रॅव्हिटी साधारण 1.240 असते, मोटारीच्या बॅटरीत ती 1.280च्या आसपास असते, आणि हा फरक ठाऊक नसल्यामुळे चांगल्या बॅटऱ्या भंगारात गेलेल्या मी पाहिल्या आहेत. एकटा आकडा फारसे बोलत नाही. पाच सेल 1.235 आणि सहावा 1.190 दाखवत असेल, आणि तीन महिन्यांपूर्वी तोच सेल 1.215 असेल, तर दुखणे कुठे आहे ते वही सांगते. अशा वेळी आम्ही देखरेखीखाली थोडा जादा व्होल्टेज देऊन सावकाश समतोल चार्जिंग करतो, ज्याने तळाशी बसलेले जड आम्लही ढवळले जाते. मोजमाप पाणी घालण्याआधी घ्यावे लागते, कारण नुकतेच घातलेले पाणी वर तरंगते आणि हायड्रोमीटरला खोटी साक्ष द्यायला लावते.

या वहीचे मोल आम्हाला कर्वेनगरातील एका दवाखान्यात कळले. तिथे तीन वर्षांत दोन बॅटऱ्या गेल्या होत्या आणि डॉक्टरबाई बॅटरीच्या कंपनीवर रागावल्या होत्या. नोंदींमध्ये ग्रॅव्हिटी उत्तम होती, परंतु दर खेपेला प्रत्येक सेलमध्ये बाटलीभर पाणी लागत होते. मल्टिमीटर लावल्यावर दिसले, की इन्व्हर्टर रात्रंदिवस 15.2 व्होल्ट देत होता. पूर्ण चार्ज झाल्यावर तो 13.5 ते 13.8वर उतरायला हवा होता. बॅटरी आतल्या आत शिजत होती. दोष इन्व्हर्टरमधल्या चार्जरच्या कार्डात, म्हणजे सर्किट बोर्डात, होता. ते बदलून 2013 मध्ये तिथे नवी ट्युब्युलर बॅटरी बसवली.

पुण्यात आणखी एक प्रकार वारंवार दिसतो. मुलांकडे अमेरिकेला सहा महिने जाणारे आजी-आजोबा निघताना घराचा मेन स्विच बंद करतात आणि इन्व्हर्टर तसाच चालू राहतो. वीज गेली असे समजून तो बॅटरी उपसत राहतो, ती पार उतरते आणि तशीच पडून राहिल्याने प्लेटांवर सल्फेटचे खडे धरतात. परत आल्यावर ती उठत नाही. त्यामुळे आता आम्ही अशा ग्राहकांकडे निघण्याच्या आदल्या आठवड्यात जातो, बॅटरी पूर्ण चार्ज करून तिच्या तारा सोडवून ठेवतो आणि शेजाऱ्यांकडे किल्ली असेल तर दोन-तीन महिन्यांनी पुन्हा चार्ज करून येतो.

जागेबद्दल आम्ही आग्रही असतो. तापमान दहा अंशांनी वाढले की बॅटरीचे आयुष्य ढोबळमानाने निम्मे होते, आणि एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीला टेकत असताना पश्चिमेच्या गॅलरीत ठेवलेली बॅटरी त्याची किंमत मोजते. बंद कपाटही नको, कारण हवेत हायड्रोजनचे प्रमाण चार टक्क्यांवर गेले की एक ठिणगी पुरते.

नवीन बॅटरी घेणाऱ्यांना आम्ही आधी हिशेब मांडून दाखवतो. 150 ॲम्पिअर-तासांच्या 12 व्होल्टच्या बॅटरीत कागदावर 1800 वॉट-तास असतात. तिचे आयुष्य राखायचे तर निम्मेच वापरावेत, आणि इन्व्हर्टरमधील घट वजा जाता सातशेच्या आसपास हाती उरतात. दोन पंखे आणि चार दिवे त्यावर पावणेचार तास चालतात. 2020च्या टाळेबंदीत घरून काम सुरू झाल्यावर संगणक आणि राऊटर जोडण्यासाठी खूप फोन आले, तेव्हाही आम्ही हाच हिशेब केला आणि काही जणांना नवी बॅटरी न घेता जुनीच नीट करून दिली.

कर्वेनगरातील ती बॅटरी 2021च्या दिवाळीनंतर आम्ही उतरवली. आठ वर्षांच्या नोंदींमध्ये तिच्या सहा सेलमधील फरक अखेरच्या वर्षापर्यंत वाढला नव्हता. शिसे पुन्हा वितळवून वापरात येते, म्हणून जुन्या बॅटऱ्या आम्ही अधिकृत पुनर्वापर केंद्राकडेच देतो. तीही तशीच गेली. डॉक्टरबाईंनी नव्या बॅटरीसोबत नवी वही मागून घेतली आणि पहिली ग्रॅव्हिटी स्वतः हायड्रोमीटर धरून लिहिली.