कौलांवर न चढता छप्पर तपासणं

खानापूर, जांबोटी भागात मृग लागण्याआधी कौलं चाळायची असतात. गडी वर चढला की त्याच्या पायाखालीच चार मंगलोरी कौलं फुटतात. म्हणून आधी ड्रोननं पाहावं, मग नेमक्या जागीच शिडी लावावी.

सकाळी आठ-नऊची वेळ उत्तम. ऊन तिरकं असल्यानं माकडांनी सरकवलेल्या कौलाची सावली लगेच दिसते. भर दुपारी सगळं छप्पर सपाट भासतं. आढ्यापासून ५ ते ८ मीटर वर, कॅमेरा सरळ खाली, प्रत्येक फोटो आधीच्या फोटोवर ७० टक्के चढता. दुसरी फेरी ४५ अंशांत: आढ्यावरच्या कौलांच्या सिमेंटला गेलेले तडे आणि पत्र्याच्या हुकांचे फाटलेले वॉशर यातच सापडतात. पन्हळीत साचलेला पालापाचोळाही पाहा, गळती अनेकदा तिथूनच सुरू होते.

ड्रोन पत्र्यावर ठेवून उडवू नका. लोखंडानं कंपास बिघडतो, चकाकीनं खालचे सेन्सर फसतात. अंगणातून उडवा. ड्रोन आपोआप परत येतानाची उंची (रिटर्न-टू-होम) शेजारच्या माडापेक्षा जास्त ठेवा, नाहीतर सिग्नल तुटताच ड्रोन थेट झावळ्यांत शिरतो. बॅटरी ३० टक्क्यांवर आली की उतरवा.

२५० ग्रॅमपर्यंतच्या नॅनो ड्रोनला पायलट प्रमाणपत्र लागत नाही. पण सांबरा विमानतळ किंवा बेळगावचा कॅम्प (लष्करी भाग) जवळ असेल तर आधी डिजिटल स्काय या सरकारी संकेतस्थळावर ड्रोन कुठे उडवता येतो याचा नकाशा बघाच.

कुजलेले वासे, वाळवी लागलेल्या रिपा वरून दिसत नाहीत. त्यासाठी माळ्यावर टॉर्च घेऊन जावंच लागतं.