भिगवणची रेकी: आधी धरण बघा, मग पक्षी

फ्लेमिंगोंची एक फोटोमालिका मार्च-एप्रिलमध्ये करायची आहे, म्हणून जानेवारीतच भिगवणजवळच्या कुंभारगावला, उजनी धरणाच्या फुगवट्याच्या काठावर, जाऊन जागा हेरून आले. पुण्याहून सोलापूर हायवेनं जेमतेम शंभर किलोमीटर. वाटेतलं काही सांगण्यासारखं नाही. मिसळ खाल्ली, बरी होती.

होडीत बसताना होडीवाल्या मामांनी पहिला प्रश्न टाकला, "ताई, उजनी किती टक्क्यांव हाय आता?"

सगळी गोम तिथंच आहे. उजनीत साधारण 117 टीएमसी (अब्ज घनफूट) पाणी मावतं, त्यातला निम्म्याहून जास्त मृतसाठा, म्हणजे एरवी न वापरायचं तळाचं पाणी. टक्के मोजतात ते त्याच्या वरच्या पाण्याचे; पातळी त्या रेषेखाली उतरली की पेपरात 'उजनी मायनसमध्ये' अशी बातमी येते आणि सोलापूरकरांच्या पोटात गोळा येतो. फ्लेमिंगोंची गंमत उलटी. मान उलटी करून, चोच चिखलात घालून गाळून खाणारा हा पक्षी. धरण तुडुंब असताना त्याला उभं राहायला उथळ जागाच कमी. शेतीला आणि नदीत पाणी सुटत जातं तसे गाळाचे पट्टे उघडे पडतात आणि थवे पसरतात. म्हणजे आज मॅपवर पिन टाकली तर मार्चमध्ये तिथं कुणाची तरी गाळपेर, म्हणजे उघड्या गाळात पेरलेलं पीक, उभी असणार!

मामांनी बांबू पाण्यात खुपसून वर काढला. टोकाला काळा, लोण्यासारखा गाळ, त्याच्या वर मांडीपर्यंत ओली खूण. "हितं पाणी गुडघ्याखाली आलं की बघा." मग असे चार-पाच ठिकाणी बांबू खुपसले, खोली लिहून घेतली. काठालगत पाणी हिरवंगार, वासही येत होता. पुण्याचं सांडपाणी मुळा-मुठेतून भीमेत आणि भीमेतून इथंच येतं, तक्रार कुणाकडे करणार?

प्रकाशाचा हिशोब वेगळा. गावाकडच्या काठावरून सकाळी ऊन डोळ्यांवर येतं, त्यामुळे उजाडायच्या आत होडी पलीकडे न्यायला हवी. शिवाय फ्लेमिंगो वाऱ्याच्या तोंडावर पळत जाऊन उडतो. ऊन आणि वारा दोन्ही आपल्या पाठीशी असले तर तो समोरून अंगावर येतो. काही होड्या गिऱ्हाईकासाठी थवा मुद्दाम उडवतात. असले फोटो मला नकोत. थवे एका पट्ट्यावरून दुसऱ्यावर आपणहून जातातच, तेवढा वेळ थांबायचं.

पार्श्वभूमी मात्र वैताग आहे. जिकडे लेन्स वळवावी तिकडे उपसा मोटारी, पाइप, लोंबत्या केबली. डिकसळच्या बाजूला जुना ब्रिटिशकालीन पूल दिसतो, तोच कामाचा वाटला.

परत येऊन चिलापीचं कालवण आणि भाकरी झाली. मामांशी ठरलंय असं: बांबूची खूण गुडघ्याखाली आली की त्यांनी फोन करायचा. तारीख तेव्हाच धरू, ऑफिसातली रजा मग बघता येईल.